अंगण आता सरळ आहे

पत्र थोडक्यात असं : कर्वेनगरच्या एका वाचक भगिनीने लिहिलं आहे. वय ४३, नोकरी हिंजवडीत, घरी नवरा, चौदा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. इंजिनिअरिंगला असताना त्या कॉलेजच्या बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार वाजवायच्या. गिटार स्वस्तातली होती, सुरात राहायची नाही, लग्न ठरल्यावर विकून टाकली. गेल्या वर्षी कंपनीचे शेअर्स मोडून पैसे हातात आले, तेव्हा परदेशातल्या एका छोट्या कार्यशाळेला त्यांनी स्वतःसाठी गिटार करायला सांगितली. तिथे चारच माणसं काम करतात. अकरा महिन्यांनी, या मार्चमध्ये, ती आली. कस्टम्सची ड्युटी, कुरिअर सगळं धरून साडेतीन लाख पडले. नवऱ्याला त्यांनी सव्वा लाख सांगितलं. 'तो चिडणार नाही, पण सांगवत नाही.' सासूबाईंनी विचारलं, 'नातवासाठी घेतलीस का?' त्यावर या नुसत्या हसल्या. गिटार केसमध्ये आणि केस कपाटावर. रविवारी घरचे बाहेर गेले की पंधरा मिनिटं काढायची, पुसायची, परत ठेवायची. मुलाने एकदा हातात घेतली तेव्हा त्या ओरडल्या. त्याने पुन्हा नाव काढलं नाही. त्यात एप्रिलमध्ये जाड तार खरखरायला लागली आणि फ्रेटच्या, म्हणजे मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांच्या, कडा हाताला टोचायला लागल्या. आता पावसाळ्यात तारा उंच झाल्यात, सूर उतरतो, ॲम्पला, म्हणजे ॲम्प्लिफायरला, लावली की घूं आवाज येतो. ऑफिसमधला एकजण सव्वादोन लाखांना घ्यायला तयार आहे. बँडमधली जुनी मंडळी डिसेंबरमध्ये एकत्र वाजवू म्हणतायत. त्यांना या गिटारचा पत्ताच नाही. शेवटी लिहितात, 'ताई, माझ्या बोटांची एवढी लायकी नाही. गिटारलाही ते कळलंय असं वाटतं. विकून टाकू का?'

आधी गिटारबद्दल बोलू, मग तुमच्याबद्दल. गिटारला काहीही कळलेलं नाही. तिला फक्त पुण्याची हवा लागली आहे.

मी स्वतः गिटार वाजवत नाही, मी तंबोऱ्यापाशी बसणारी बाई. म्हणून तुमचं नावगाव गाळून पत्रातला दुखण्याचा भाग एका मित्राला फोनवर वाचून दाखवला. तो पेठेत एका जिन्याखालच्या खोलीत गिटारी दुरुस्त करत असतो. 'एप्रिलमध्ये कडा टोचायला लागल्या' इथपर्यंत आले आणि त्याने मला थांबवलं. 'पुढचं मी सांगतो,' म्हणाला, 'पावसाळ्यात तारा वर गेल्या.'

लाकूड ओल पितं आणि सोडतं, हे आपल्याला घरातली दारं दरवर्षी सांगतात. जुलैत खांदा लावून ढकलावं लागणारं न्हाणीघराचं दार मेमध्ये सुरळीत लागतं आणि वर फटीतून उजेडही दाखवतं. गिटारची मान हे असंच एक लांबट दार समजा. ही वाद्यं साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता राखलेल्या खोलीत करतात. आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी ती २० टक्क्यांच्या आसपास उतरते आणि ऑगस्टमध्ये ८० च्या वर असते. तुमची गिटार आली नेमकी मार्चमध्ये. फिंगरबोर्ड, म्हणजे मानेवरची बोटं टेकवायची लाकडी पट्टी, सुकला, रुंदीला केसभर आकसला. त्यात बसवलेले धातूचे फ्रेट काही आकसत नाहीत, त्यांची टोकं बाहेर आली आणि तुमच्या हाताला लागली. मान सुकून सरळ झाली, तारा फ्रेटला टेकायला आल्या, जाड तार खरखरली. मग पाऊस लागला, लाकूड फुगलं, तारांच्या ओढीने मान किंचित पुढे वाकली, तारा उंच झाल्या. तुम्ही पत्रासोबत गिटारचा जो कागद पाठवलाय त्यात तारांची जाडी लिहिली आहे. त्या जाडीच्या सहा तारांची एकत्र ओढ ४५ किलोच्या पुढे जाते, हे ऐकून मी आणखी एकदा विचारून खात्री करून घेतली. गव्हाचं जवळजवळ एक पोतं त्या मानेला रात्रंदिवस लटकलेलं आहे. तरी ती वीतभर नव्हे, केसभरच हलली.

यावर उपाय मानेच्या पोटातच आहे. तिथे एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड म्हणतात तिला. पावसाळ्यात ती जराशी आवळायची, उन्हाळ्यात जराशी सैल करायची. एका वेळी पाव वळसा, मग एक दिवस थांबायचं, मग बघायचं. तुम्ही इंजिनिअर आहात, ॲलन की, म्हणजे ती सळई फिरवायची षटकोनी किल्ली, धरता येईल. पण पहिल्या खेपेला जाणत्या माणसाकडून, समोर बसून करून घ्या. (घाईने पूर्ण वळसा देणारे हे माझ्या मित्राचं उत्पन्नाचं मोठं साधन आहे.) वर्षातून दोनदा हा सेटअप करायचा, होळीनंतर एकदा आणि आषाढात एकदा. टोचणाऱ्या कडा कानशीने घासून घ्यायच्या, पण त्या उन्हाळ्यात. आत्ता गेलात तर त्या फुगलेल्या लाकडात दडून बसलेल्या असतील आणि दुकानदार तुमच्याकडे बघत राहील.

कपाटावरून मात्र ती आजच खाली घ्या. एप्रिल-मेमध्ये स्लॅबलगतची जागा घरात सगळ्यात तापलेली असते. केस ही काही वाईट गोष्ट नाही. बंद केसमध्ये हवेचे चढउतार कमी पोचतात, सिलिका जेलच्या दोन पिशव्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवला की पावसाळाभर गिटार तिथे सुखात राहील. केसबद्दल माझी तक्रार वेगळी आहे, ती पुढे.

सूर उतरण्याचं आणखी एक साधं कारण असू शकतं. मार्चपासून तारा बदलल्याचा तुमच्या पत्रात उल्लेख नाही. आठवड्याला पंधरा मिनिटं का होईना, बोटांचा घाम त्यांना लागतो आणि पुढचे सहा दिवस तो पावसाळी हवेत गंजाचं काम करतो. नवीन संच लावा. लावताना, मानेच्या टोकाशी जी खाचांची पट्टी असते, नट, त्या खाचांत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा, चित्रकलेच्या वर्गात लागते ती ६बी. खुंटी पिळताना बारीकसा 'टिक' ऐकू येतो का बघा. सूर सरकत सरकत न चढता एकदम उडी मारतो, त्याच क्षणी तो टिक येतो. तार खाचेत अडकते आणि सुटते त्याचा तो आवाज. साध्या पेन्सिलीने पुष्कळदा ते थांबतं.

आता ती घूं. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा झुलते. तारांचं कंपन पकडून ॲम्पकडे पाठवतात ते पिकअप. तुमच्या गिटारच्या मानेकडच्या दोन पिकअपमध्ये लोहचुंबकाभोवती तारेचं एकेकच वेटोळं आहे. ते तारांचं कंपन पकडतं तसं भिंतीतल्या विजेचंही पकडतं. (५० चा सूर पांढरी पाचच्या किंचित वर पडतो. मी पेटीवर लावून पाहिला. आमचा फ्रिज त्याच पट्टीत गातो.) यावरचा तोडगा १९५५ मध्ये गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या इंजिनिअरने काढला : एकाऐवजी दोन वेटोळी, उलटसुलट गुंडाळलेली आणि उलटसुलट चुंबकांची, म्हणजे विजेची घूं एकमेकांत वजा होते आणि तारांचा आवाज तेवढा जमा होतो. तुमच्या कागदावर ब्रिजपाशी, म्हणजे तारा खालच्या टोकाला टेकतात तिथे, तसाच दोन वेटोळ्यांचा पिकअप, हंबकर, लिहिलेला आहे. स्विच त्या टोकाला नेऊन ऐका. घूं गेली तर गिटार ठणठणीत आहे.

तारांना हात लावला की घूं कमी होते, असंही तुम्ही लिहिलंय. ते नेहमीचंच. पण हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं, तर लगेच ॲम्प बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यांत आणि जुन्या सोसायट्यांत अर्थिंगचं भोक नुसतं शोभेला असतं, हे पुणेकराला सांगायला नको. ॲम्पचा तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये खुपसू नका. इलेक्ट्रिक गिटार बाळगणाऱ्या सगळ्यांनीच हे एवढं लक्षात ठेवावं. बाकी चुका कानाला लागतात, ही जिवाला लागते.

तर हे झालं गिटारचं. पाच महिने एक वाद्य हवेमुळे कुरकुरत होतं आणि तुम्ही त्याचा अर्थ 'मी नालायक' असा लावत होतात. सव्वा वर्षाचं बाळ दात येताना रडतं, तेव्हा ते आईला नापसंत करत नसतं.

'लायकी' हा शब्द तुम्ही पत्रात चार वेळा वापरला आहे. मी मोजला. मला विचारायचंय की तो आला कुठून? याच साडेतीन लाखांच्या तुम्ही लक्ष्मी रस्त्यावरून पाटल्या आणल्या असत्यात, तर 'माझ्या मनगटांची लायकी आहे का' असं पत्र मला आलं असतं? पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये गेल्या असत्या, वर्षातून दोन लग्नांना बाहेर आल्या असत्या आणि सासूबाईंनी मैत्रिणींना दाखवल्या असत्या. नातवाच्या बायकोसाठी का, असंही कुणी विचारलं नसतं. विचारलंच असतं तर कौतुकाने. आता तुम्ही म्हणाल, सोनं मोडता येतं. बरोबर आहे, आणि तो फरक मी झाकणार नाही. अशा गिटारला गिऱ्हाईक मोजकं, आणि भरलेली ड्युटी कुणी परत देत नाही. ज्यांना हप्ते काढून, मुलांच्या फीला हात घालून अशी गिटार घ्यायचा मोह होतोय, त्यांना मी नको म्हणेन. तुम्ही तसं काही केलेलं नाही.

पण बाईने हौसेचे पैसे अंगावर घालायच्या वस्तूवर घालवले तर तो शहाणपणा, आणि हातात धरून आवाज काढायच्या वस्तूवर घालवले तर तिने आधी परीक्षा द्यायची, हा हिशोब मला कधी कळलेला नाही. पुरुषांनाही तो थोडाफार लागू होतो म्हणा; चाळिशीतले कितीतरी लोक कॅमेऱ्याबद्दल, सायकलीबद्दल, दुर्बिणीबद्दल असंच लिहितात. त्यांच्याही पत्रात लायकी असते. फक्त चार वेळा नसते.

आणखी एक सांगते. तुमच्या गिटारचा आकार ज्या घराण्यातला आहे त्याचा मूळपुरुष म्हणजे लिओ फेंडर. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात तो रेडिओ दुरुस्त करायचा. १९५४ मध्ये त्याच्या कारखान्यातून स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार बाहेर पडली. त्या माणसाला गिटार वाजवता येत नव्हती, आयुष्यभर नाही. मान चार स्क्रूंनी जोडायची, म्हणजे भराभर जुळणी होते आणि बिघडली तर बदलता येते, असा त्याचा कारखानदारी विचार. जी वस्तू झटपट निघावी म्हणून आखली गेली, तीच आता चार माणसं अकरा महिने घासत बसतात आणि आपण ती घेऊन तिच्यापुढे संकोचतो. गंमत नाही का?

तरी ती चार माणसं नेमकं काय घासतात, ते समजून घेण्यासारखं आहे. माझ्या मित्राच्या मते साध्या, नेटक्या कारखान्यातल्या गिटारमध्ये आणि तुमच्या गिटारमध्ये ऐकणाऱ्याला फारसा फरक कळत नाही. पंधरा हजारांची आणि चाळीस हजारांची यांत जितका फरक असतो तितका चाळीस हजारांच्या आणि साडेतीन लाखांच्यात नसतो, असं तो बेधडक सांगतो. फरक कळतो तो वाजवणाऱ्याला. फ्रेटची उंची सगळीकडे इतकी सारखी, की तार कुठेही खेचली तरी मध्येच मरत नाही. मानेच्या कडा किंचित गोल केलेल्या, वर्षानुवर्षं वापरलेल्या लाटण्यासारख्या. नटच्या खाचा प्रत्येक तारेच्या जाडीबरहुकूम. आवाजाचं बटण निम्म्यावर आणलं तरी सूर गढूळ होत नाही. तुम्ही पैसे मोजलेत ते मधले अडथळे काढून टाकण्यासाठी.

आणि मला वाटतं, गोची इथेच आहे. कॉलेजातली गिटार सुरात राहायची नाही. तिच्यावर बेसूर वाजलं तर ते तिचं, बरं वाजलं तर ते तुमचं, अशी सोयीची वाटणी होती. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण आपण दुसऱ्याला हिणवायला वापरतो. पण कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं आणि वाकड्या अंगणात माणूस निर्धास्त नाचतो. आता तुम्ही साडेतीन लाख देऊन अंगण सरळ करून घेतलंत. आता जो आवाज निघेल तो सगळा तुमचा. ओरखड्याची भीती तुम्ही लिहिली आहे, ती खरीही असेल. पण माणूस ओरखड्याला घाबरतो तेव्हा गिटार स्टँडवर ठेवून लांबून बघतो. तुम्ही तर घर रिकामं झाल्याशिवाय केस उघडतच नाही. तुम्हाला भीती ऐकू जाण्याची आहे.

हे मी कशाच्या जोरावर म्हणते? १९९६ मध्ये मी मिरजेहून तंबोरा करून आणला. दोन पगार त्यात गेले. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण तेव्हाही मिरजेचा तंबोरा म्हटलं की पुण्यातली गायकमंडळी भुवया उंचावून मान हलवायची. मी तो घरी आणला, गवसणी घातली आणि कोपऱ्यात उभा केला. रोजच्या रियाजाला एवढा चांगला तंबोरा कशाला, म्हणून इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याच्या पेटीवर गात राहिले. तिच्यावर मी गायले ते कसंही असो, पेटी निर्विकार. सहा वर्षांनी एका गुरुपौर्णिमेला गवसणी काढली तर भोपळा आणि दांडीचा सांधा उकललेला. मिरजेला नेला. कारागिरांनी विचारलं, रोज वाजवता ना? मी हो म्हणाले. त्यांनी काही न बोलता घोडीवर अंगठा फिरवला. तारा जिथे टेकतात तिथे, वाजत्या तंबोऱ्याच्या घोडीवर बारीक चरे पडलेले असतात, तारेखालचा जवारीचा, म्हणजे आवाज घुमवणारा, धागा मागेपुढे सरकवल्याची एक चकाकी असते. माझी घोडी आणली त्या दिवशीइतकी कोरी होती. त्यांनी अंगठा उचलला आणि जवारीला लागले. मला तोंडावर कुणी खोटारडी म्हणालं असतं तर बरं वाटलं असतं.

तेव्हा सव्वा लाखाच्या थापेबद्दल तुम्हाला नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही. पण सांगून टाका. नवरा चिडणार नाही हे तुम्हीच लिहिलंय. तो 'बरं, तुझे पैसे' म्हणेल आणि पेपर वाचायला लागेल, अशी तुम्हाला धास्ती आहे, असा माझा कयास. भांडण झालं असतं तर गिटारची बाजू मांडता आली असती, 'बरं' या शब्दापुढे काय मांडणार? असं असेल तर आकडा एकटा सांगू नका. गिटार बाहेर काढा, त्याला समोर बसवा, दोन मिनिटं काहीतरी वाजवा, अडखळत का होईना, आणि मग आकडा सांगा. आकड्याला नुसता आकडा म्हणून सोडलं की तो मोठाच दिसतो. हे मुलाच्या आणि सासूबाईंच्या पुढ्यात करू नका. नवऱ्याला आधी एकट्याला कळू दे. आणि हो, घराच्या विम्यात गिटार घालायची तर खरी किंमत लागेल, बिल लागेल, सिरियल नंबरचा फोटो लागेल. ते सगळं आत्ताच एका फायलीत लावा. उद्या चोरी झाली आणि नवऱ्याला खरा आकडा पोलीस चौकीत कळला, असा प्रसंग मला लिहून पाठवू नका, मला हसू आवरणार नाही.

मुलाचं प्रकरण मला जास्त टोचलं. चौदाव्या वर्षी मुलगा आपण होऊन आईच्या वस्तूला हात लावतो, हे फार दिवस टिकणारं नसतं. त्याने पुन्हा विचारलं नाही म्हणजे त्याला नको आहे असं नव्हे. तुम्ही विचारा. नियम सांगा : हात धुऊन, बसून, पट्ट्याचं बक्कल मागे सारून. गिटारी बहुतेक वेळा पडून फुटतात, वाजवून नाही. पट्टा बटणावरून निसटतो आणि गिटार फरशीवर. काहीशे रुपयांचे स्ट्रॅप लॉक लावून घ्या, अर्धी भीती तिथेच संपेल. ओरखडा पडेल का? पडेल. त्याने पाडला तर तो तुमच्या गिटारवरचा एकमेव ओरखडा असेल, ज्याची तारीख तुम्हाला वीस वर्षांनी आठवेल.

आवाजाचं काय, असं कर्वेनगरच्या सोसायटीत कुणीही विचारेल. त्यावर हेडफोन आहेत, छोटे ॲम्प आहेत. मोठा ॲम्प घेण्याच्या फंदात आत्ता पडू नका. कानाला आवाज दुप्पट वाटायला जवळजवळ दहापट वॅट लागतात, म्हणजे ५० वॅटचा ॲम्प ५ वॅटच्या फक्त दुप्पट मोठा वाटतो; याचा उलटा अर्थ असा की ५ वॅटचा व्हॉल्व्ह ॲम्पसुद्धा दोन बेडरूमच्या घरात शेजाऱ्यांना बेल वाजवायला लावू शकतो. रात्री दहानंतर हेडफोन. नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू झालाय, तेवढे दिवस तर तुमचं कुणी मनावरही घेणार नाही.

आता विकण्याबद्दल. हा पर्याय मी फेटाळत नाही. वस्तू आपल्याला पेलत नसेल, रोज तिच्याकडे बघून अपराधी वाटत असेल, तर ती दुसऱ्याच्या हातात वाजलेली बरी, आणि सव्वादोन लाख हा काही अपमानकारक भाव नाही. पण आजारी गिटार आणि लपवलेला आकडा, या दोन गोष्टी उशाशी घेऊन केलेला सौदा तुम्हाला पुढे सतावेल. कॉलेजातली गिटार तुम्ही विकली ती लग्न ठरलं म्हणून. ही विकणार ती कशामुळे, ते विकण्याआधी तुम्हाला नीट ठाऊक हवं. तेव्हा सहकाऱ्याला सांगा, कोजागिरीनंतर कळवते. तो थांबला नाही तर दुसरा भेटेल, घाई त्याला आहे.

मधल्या काळात या आठवड्यात सेटअप. नंतर रोज वीस मिनिटं, घरात माणसं असताना. ही शेवटची अट माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. आठ दिवस घरचे कान टवकारतील, मग कुकरच्या शिट्टीसारखी त्यांना सवय होईल. नवीन काही शिकायच्या भरीला पडू नका. बँडमध्ये वाजवायचात ती दोन गाणी घ्या. बोटांची टोकं पहिला आठवडा दुखतील. मोजायचं असेल तर एवढंच मोजा, की कोजागिरीपर्यंत तारांचा दुसरा संच लागला का. लागला तर विकायचं नाव काढू नका. नाही लागला, केस पुन्हा मिटायला लागली, तर सहकाऱ्याला फोन करा आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नका. मीही तंबोरा देऊन टाकणार होते. दिला नाही, कारण घेणाऱ्याने येतो येतो म्हणत दोन महिने लावले आणि तेवढ्यात मला त्याची सवय लागली. म्हणजे माझ्या रियाजाचं श्रेय एका वेळ न पाळणाऱ्या पुणेकराला जातं.

डिसेंबरच्या मंडळींना आत्ताच हो कळवा. कुठली गिटार आणणार ते सांगायची गरज नाही, आणि ती तालमीला न्यायचीच असंही नाही. पण हो म्हणून ठेवलंत की वीस मिनिटांना तारीख मिळते.

राहता राहिल्या सासूबाई. तुमच्या कागदावर फिंगरबोर्डसाठी 'इंडियन रोजवूड' लिहिलंय. हा आपला शिसव. १९६० च्या दशकापासून जगभरचे गिटारवाले तो आपल्याकडून नेतायत. तुमच्या गिटारमधला तुकडा इथून समुद्रापार गेला आणि फ्रेट ठोकून परत आला. पत्रात तुम्ही सहज लिहून गेलात की सासूबाईंच्या माहेरून आलेला शिसवी पलंग अजून घरात आहे. त्यांना एकदा तो फिंगरबोर्ड दाखवा. नातवासाठी का, हा प्रश्न त्यांनी विचारला कारण सुनेला वाजवताना त्यांनी कधी पाहिलेलं नाही. पाहायला मिळायला हवं होतं, असं त्यांना वाटतही असेल.

एक विसरतच होते. गिटार रोज बाहेर राहणार म्हणजे स्टँड लागेल. तुमच्या गिटारवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचा हात आहे, आणि स्वस्त स्टँडच्या रबराने तो लॅकर मऊ पडून चिकटतो, डाग कायमचा राहतो. जिथे जिथे रबर गिटारला टेकेल तिथे जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळा. सासूबाईंकडे मागा, त्यांच्याकडे नक्की असेल.